गावाला लागून रान

आमच्या बेळगावात मुलगी 'लांब दिली' म्हणतात ती पुण्याला किंवा फार तर हैदराबादला दिलेली असते. रात्रीची गाडी धरली की सकाळच्या चहाला तिच्या दारात. आमची धाकटी मात्र खरोखरच लांब गेली. जावई इमारतींच्या पायाची गणितं मांडणारे इंजिनिअर. २०१६ साली त्यांना अलास्कातल्या अँकरेज शहरात नोकरी लागली आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच दोघं तिकडे निघून गेली. सौ.नं मला शाळेतला जुना ॲटलास घरी आणायला लावला. बेळगाव सोळा अंशांच्या अलीकडे आणि अँकरेज एकसष्ट अंशांवर! तिनं बोटानं अंतर मोजलं, ॲटलास मिटला आणि चार दिवस तो विषय काढला नाही.

त्या गावी मी दोनदा जाऊन राहिलो. पहिल्यांदा २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत, एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. दुसऱ्यांदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. दहावीची परीक्षा तोंडावर असताना मुख्याध्यापकानं दोन महिने रजा घेणं हे आमच्या संस्थेत कुणाला रुचण्यासारखं नव्हतं; पण तीस वर्षांत साठलेली रजा एकदा तरी माणसानं वापरावी. दोन्ही मुक्काम मिळून साडेतीन महिने झाले. तेवढ्यावर एखाद्या शहराविषयी लिहावं का, हा प्रश्न आहेच. पण मी शहराविषयी फारसं लिहिणार नाही. त्याच्या कडेला जे रान आहे, त्याच्या शेजारी माणसं कशी राहतात, एवढंच मला सांगायचं आहे. माझी शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, रानाच्या तोंडावर आहे, म्हणून हे मी जरा जास्तच निरखून पाहिलं.

अँकरेज म्हणजे बर्फात चार झोपड्या, असं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात ते रीतसर शहर आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाख नव्वद हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या बेळगावाहून लहानच; पण सगळ्या अलास्का राज्यातल्या दर दहा माणसांतली चार या एका गावात राहतात. १९१५ साली रेल्वे बांधायला आलेल्या लोकांनी शिप क्रीक नावाच्या ओढ्याच्या मुखाशी तंबू ठोकले, त्याचं हे गाव झालं. पश्चिमेला कुक इनलेट ही खाडी. पूर्वेला चुगाच डोंगर, आणि १९७० साली राज्यानं राखून ठेवलेलं तिथलं सुमारे पाच लाख एकरांचं रान. गावाची शेवटची गल्ली संपते तिथंच हे रान सुरू होतं. मध्ये भिंत नाही, खंदक नाही. बरं, रान तिथं थांबतही नाही. ओढ्यांच्या काठानं, बागांतून, झाडीच्या पट्ट्यांतून ते थेट बाजारपेठेपर्यंत आत आलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन मागचं दार उघडलं, तर पायरीपासून पंधरा पावलांवर एक मूस मादी उभी. सांबराची थोरली बहीण म्हणावी असं हे जनावर. पण आपल्या खिल्लारी बैलापेक्षा उंच, पाय काठीसारखे लांब, आणि तोंड असं, की देवानं घोडा करायला घेतला आणि मध्येच विचार बदलला. शेजाऱ्यांच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या ती शांतपणे खात होती. माझ्या मागून सहा वर्षांचा नातू आला, माझा सदरा धरला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, आत या. तिचे कान मागे गेले की ती रागावली."

नंतर त्यानं मला पाठच दिला. मूस अंगावर आली तर पळायचं, झाडाच्या किंवा गाडीच्या आड व्हायचं. अस्वल दिसलं तर अजिबात पळायचं नाही, हळूहळू बोलत मागं सरायचं. तपकिरी अस्वलानं धरलंच तर पालथं पडून मेल्यासारखं राहायचं, काळ्यानं धरलं तर हाताला लागेल त्यानं मारायचं. पहिलीतलं पोर पाढे म्हणावेत तसं हे म्हणत होतं. मी कारण विचारलं, तर तेही त्याला ठाऊक होतं. मूसला तुम्हाला खायचं नसतं, तिला फक्त तुम्ही तिथून जायला हवे असता. तुम्ही गेलात की तिचं काम झालं. अस्वलापुढे पळणारं ते मात्र त्याच्या लेखी भक्ष्य. पस्तीस वर्षं मी मुलांकडून कारणमीमांसा पाठ करून घेतोय, इतकी चोख क्वचितच ऐकली.

या मूसला तिथले लोक अस्वलापेक्षा जास्त भितात, हे मला प्रथम पटेना. मग जावयांनी १९९५ ची हकिकत सांगितली. जानेवारीत तिथल्या विद्यापीठाच्या आवारात एक मूस आणि तिचं पिल्लू शिरलं होतं. काही जण त्यांना बर्फाचे गोळे मारून डिवचत होते. पुष्कळ वेळानं एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ आपल्या वाटेनं इमारतीकडे निघाले, तर चिडलेल्या मूसनं त्यांना पाडलं आणि तुडवलं. ते गेले. गोळे मारणारे वेगळे आणि जीव गेला तो भलत्याचाच. तेव्हापासून मी त्या जनावराला वाटेतून बाजूला होऊन नमस्कार करत असे.

अस्वलांची गोष्ट निराळी. गावात आणि भोवतालच्या डोंगरांत मिळून काळी अस्वलं अडीचशेच्या वर आणि तपकिरी पन्नास-साठ, असा तिथल्या वन्यजीव खात्याचा अंदाज. एप्रिलमध्ये ती झोपेतून उठतात, आणि गावाचा कारभार त्या बेतानं बदलतो. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही, गाडी येण्याच्या सकाळीच ठेवायचा. पाखरांसाठी टांगलेले दाण्यांचे डबे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत उतरवून ठेवायचे. कोंबड्या पाळायच्या तर खुराड्याला विजेची तार. निष्काळजीपणानं अस्वलाला खायला मिळालं तर घरमालकाला दंड. कारण एकदा माणसाच्या घराशी अन्न मिळतं हे अस्वलाला कळलं की ते परत येतं, धीट होतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. खायला मिळालेलं अस्वल म्हणजे मेलेलंच अस्वल, असं तिथं म्हणतात.

हे आमच्या सौ.ला पचणं अवघड गेलं. घासातला घास मुक्या जनावराला द्यावा, हे आपल्या आया-आज्यांनी शिकवलेलं. बेळगावात आमच्या दारात एक गाय आणि दोन कुत्री ठरल्या वेळी येतात. दुसऱ्या मुक्कामात तिनं तिथले डोमकावळे पाहिले. थोराड, काळेकुळकुळीत, घुबडाएवढे. हिवाळ्यात ते पहाटे डोंगरातून गावात येतात, दुकानांपुढच्या गाडीतळांवर दिवसभर खरकटं वेचतात आणि संध्याकाळी नोकरदारांसारखे पुन्हा डोंगराकडे जातात. सौ.नं अमावास्येला त्यांच्यासाठी कठड्यावर वरणभात ठेवला. मुलीनं तो लगेच उचलला. "आई, याच्या वासानं दुसरं कोण येईल सांगता येत नाही." सौ. दिवसभर गप्प होती. रात्री मला म्हणाली, "या मुलखात धर्मसुद्धा करू देत नाहीत हो." मी काय बोलणार? पण घाटातल्या वळणावर गाड्या थांबवून माकडांना केळी देणारे आपले पुण्यवान लोक मला आठवले, आणि त्याच वळणावर टायरखाली गेलेली माकडंही.

या नियमांनी सगळं सुरळीत होतं असं समजू नये. २०१७ च्या जूनमध्ये गावाच्या दक्षिणेला डोंगर चढण्याची शर्यत होती. उतरताना सोळा वर्षांच्या एका मुलाला काळ्या अस्वलानं गाठून मारलं. सोळा वर्षं म्हणजे आमच्या दहावीतला मुलगा. त्या डोंगराखालून गाडी गेली तेव्हा जावयांनी वेग कमी केला, पण कुणी काही बोललं नाही.

आणि रान म्हणजे फक्त जनावरं नव्हेत. खाडीला ओहोटी लागली की मैलच्या मैल करडा, गुळगुळीत चिखल उघडा पडतो. चालायला बोलावतोय असा. तो चिखल म्हणजे हिमनद्यांनी दगड दळून आणलेलं पीठ आहे. पाय रुतला, हलवला, की भोवती सिमेंटसारखा आवळत जातो. भरती येते ती तीस-तीस फुटांच्या फरकानं. मी तिथं असतानाच, २०२३ च्या मे महिन्यात, टर्नअगेन नावाच्या फाट्यात परगावाहून आलेला वीस वर्षांचा मुलगा कमरेपर्यंत रुतला. सोडवायला माणसं पोचली, त्यांनी शर्थ केली, पण पाणी त्यांच्या आधी वर आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीकाठच्या वाटेवर फिरायला गेलो तेव्हा नातू चिखलाकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं जायचं नाही." एवढंच. त्याला कुणी भीती घातलेली दिसली नाही. आपण मुलांना विस्तव दाखवतो तसं त्याला ते दाखवलं होतं.

याच वाटेवरून एका निरभ्र संध्याकाळी, म्हणजे रात्री दहा वाजता (तिथं मे महिन्यात तेव्हा ऊन असतं), दोनशे किलोमीटरांवरचं दिनाली शिखर दिसलं. वीस हजार तीनशे दहा फूट. तिकडच्या मूळच्या लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'उंच तो' असा आहे. १८९६ साली सोनं शोधायला आलेल्या एकानं त्याला मॅकिन्ली हे राजकारण्याचं नाव दिलं, १९१७ ला ते सरकारी झालं. १९७५ मध्ये अलास्का राज्यानं दिनाली केलं, २०१५ मध्ये वॉशिंग्टननंही मानलं, २०२५ मध्ये पुन्हा वरून हुकूम येऊन मॅकिन्ली झालं. गावातली माणसं दिनालीच म्हणतात. पाट्या बदलतात आणि तोंडातलं नाव बदलत नाही, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

शिप क्रीकचंही तसंच. इंग्रजी नाव जहाजावरून. तिथले मूळचे देनाइना लोक त्या ओढ्याला काटेरी छोट्या माशाचा ओढा म्हणत. ज्या नावात पाण्यात काय मिळतं ते सांगितलेलं आहे, ते गेलं की पाण्याची ओळखही अर्धी जाते. २०१४ साली अलास्कानं तिथल्या वीस मूळ भाषांना इंग्रजीच्या बरोबरीनं राजभाषा केलं, पण तोवर एक गेलेलीच होती. आयाक भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या बाई, मेरी स्मिथ जोन्स, २००८ साली याच अँकरेजमध्ये वारल्या. वय एकोणनव्वद. त्यांची मुलं ती भाषा शिकली नव्हती, कारण त्यांच्या लहानपणी इंग्रजीखेरीज दुसरं बोलणं कमीपणाचं मानलं जाई. मराठी शाळेचा पट दर जूनला घाबरत घाबरत मोजणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. उजेड होता हेही कारण असेल.

डिसेंबरात गेलो तेव्हा गावच ओळखू येईना. सूर्य सव्वादहाला उगवायचा आणि पावणेचारच्या आत मावळायचा. तेही डोंगराच्या कडेनं, चोरासारखा. त्या हिवाळ्यात जानेवारी संपेपर्यंत शंभर इंच बर्फ पडला. इतक्या लवकर शंभरी गाठल्याची तिथं आधी नोंद नव्हती. नातवाची शाळेची बस अंधारातच यायची. मी रोज त्याला थांब्यावर पोचवायला जाई. मुलांच्या अंगावर चमकणारे पट्टे, दोघा-तिघांच्या कपाळाला दिवे. पालकांपैकी एक जण रस्त्याकडे पाठ आणि झाडीकडे तोंड करून उभा राहतो, हे माझ्या दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं. कुणी ठरवून दिलेलं दिसलं नाही, पाळी आपोआप फिरत होती. पुढच्या आठवड्यात तिथं मी उभा राहू लागलो. एकदा खरोखरच मूस आली. थांब्यापासून जरा अलीकडे बस थांबली, दार उघडलं, मुलं एकेक करून चढली आणि बस गेली. कुणी ओरडलं नाही, फोटो काढला नाही.

शाळेत मधली सुट्टी बाहेरच, अंगणात. पारा उणे तेवीसच्या खाली गेला तरच आत. म्हणजे उणे वीसला पोरं बर्फात घसरगुंडी खेळतात. तिथं शाळा कधी बंदच होत नाहीत असं मात्र नाही. नोव्हेंबरात बर्फानं रस्ते बुजले तेव्हा काही दिवस बंद होत्या, आणि ते कुणाला कमीपणाचं वाटलं नाही. पण मूस दिसली म्हणून शाळा सोडून दिली, असं माझ्या कानावर आलं नाही. तिची जागा सोडून बाकीच्या जागेत शाळा भरते.

मुलीच्या पोटात दुखायला लागलं ते डिसेंबराच्या अखेरीस, रात्री दोनला. सौ. नातवाजवळ थांबली, मी गाडीत मागे बसलो. गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागतोय तोच दिव्यांच्या उजेडात मध्यभागी मूस. दोन्ही बाजूंना यंत्रानं लोटलेल्या बर्फाच्या छातीइतक्या भिंती. इतक्या बर्फात चालायचं म्हणजे त्या जनावराची पोटापर्यंत दमछाक, म्हणून हिवाळ्यात ती माणसांनी साफ केलेले रस्तेच धरतात. जावयांनी गाडी थांबवली. मी म्हणालो, "हॉर्न वाजवा." ते म्हणाले, "मामा, वाजवला तर ती गाडीवर येईल. तिला दुसरीकडे जायला जागाच नाही." मुलगी दातओठ खाऊन कळ सोसत होती. मूस पुढे चालू लागली, आम्ही मागून चालीच्या वेगानं. मी घड्याळ बघत होतो. अकरा मिनिटं. शेवटी एका घरापुढची साफ केलेली वाट दिसली, तिकडे ती वळली आणि आम्ही सुटलो. पहाटे पाचला नात झाली. दोघी सुखरूप. अकरा मिनिटांची गोष्ट मी सौ.ला गावी परतल्यावर सांगितली.

त्यानंतरच्या एका रात्री बाळाला थोपटत मुलगी स्वयंपाकघरात बसली होती आणि तिनं मला २०१८ चं सांगितलं. ३० नोव्हेंबर, सकाळी साडेआठ, बाहेर काळोख. भूकंप ७.१ तीव्रतेचा. आम्हाला तेव्हा फोनवर 'थोडं हललं' एवढंच कळवलं होतं. प्रत्यक्षात ती दीड वर्षाच्या पोराला घेऊन एकटी होती, जावई कामावर. कपाटं पडली, काचा फुटल्या, दिवे गेले. ती टेबलाखाली पोराला पोटाशी धरून बसली आणि थांबल्यावर मोज्यांवरच बर्फात बाहेर पळाली. शेजारची म्हातारी बाई आपले बूट घेऊन आली आणि तिच्या पायांत घालून गेली. शहरात एकही माणूस दगावला नाही. शाळा आठवडाभर बंद राहिल्या.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, परत ये."

मी म्हणालो, "तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो. या दोन पोरांना घेऊन परत या. पुण्यात कामं कमी आहेत का?"

ती बराच वेळ बाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेत मुलं रानातून चालत येतात. त्यांच्या आयांना तुम्ही सांगता का, गाव सोडा म्हणून?"

सिंकमध्ये चहाचे कप पडले होते. मी ते धुवायला घेतले.

जावयांनी मला १९६४ च्या भूकंपाची जागा दाखवली. २७ मार्च, गुड फ्रायडे, संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटं; तीव्रता ९.२, जगात आजवर मोजलेल्यांत दुसरा. चार मिनिटांच्या वर जमीन हलत राहिली. खाडीकाठची एक अख्खी वस्ती घरादारांसकट घसरत गेली. तिथं आता भूकंपाच्या नावाची बाग आहे आणि उंचसखल जमिनीवर बर्च वाढले आहेत. गव्हर्नमेंट हिल भागातली प्राथमिक शाळा मधोमध फाटून कोसळली. सण असल्यामुळे शाळेला सुट्टी होती. मी त्या टेकडीवर उभं राहून मनातल्या मनात पट मोजला, सवयीनं. जावयांचं म्हणणं असं, की त्या चार मिनिटांमुळे बांधकामाचे नियम कडक झाले आणि म्हणून २०१८ ला माणसं वाचली. इंजिनिअर माणसाला सगळ्या गोष्टींचा हिशेब लागतो.

एक गोष्ट मात्र मला तिथं आवडली नाही, ती लिहिलीच पाहिजे. त्याच झाडीच्या पट्ट्यांत, जिथं मूस आणि अस्वलाला वाट सोडलेली आहे, तिथं ताडपत्र्यांखाली बेघर माणसंही राहतात. उणे वीसमध्ये. हिवाळ्यात त्यांच्यातले कितीतरी उघड्यावर मरतात. अस्वलानं काय खाऊ नये याचे नियम मला पहिलीतल्या पोरानं तोंडपाठ सांगितले. या माणसांचं काय करायचं, यावर मोठी माणसंही एकमेकांशी भांडत होती.

निघायच्या आधी मुलगी-जावयांनी डोंगराच्या उतारावरचं एक घर दाखवलं. मागचा व्हरांडा आणि रान यांच्यात पाच-सहा बर्चची झाडं. माझं मत विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात ते घेतलं.

आता आमच्याकडचं सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या आला होता, हे इथल्या वाचकांना आठवत असेलच. जाधव नगरात त्यानं एका बांधकाम कामगाराला जखमी केलं आणि पुढे गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसला. आसपासच्या बावीस शाळा बंद झाल्या. पिंजरे, कॅमेरे, ड्रोन झाले, शिमोग्याकडून हत्ती मागवले. बिबट्या काही सापडला नाही. त्या दिवसांत मी रोज सकाळी शहरातून निघून शाळेला जाई, आणि तिथं माझी मुलं नेहमीसारखी रानातून चालत आलेली असत. भीमगडचं अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच्या आत आणि काठाला गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव अशी मराठी बोलणारी गावं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. गवे आहेत, अस्वलं आहेत, अस्वलानं माणूस फाडल्याची बातमी अधूनमधून येतेच. या मुलांसाठी हत्ती कुणी मागवले नाहीत. शाळा बंद ठेवा असं त्यांच्या घरच्यांनीही कधी म्हटलं नाही, कारण मग ती वर्षभर उघडलीच नसती. शहरातला एक बिबट्या ही बातमी होती. रानातली चाळीस पोरं ही हजेरी होती.

फेब्रुवारीत हजर झालो तेव्हा दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर माझी वाट बघत होते. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झाल्यावर एकदा नववीच्या वर्गावर बदली तास मिळाला. मी फळ्यावर लिहिलं, 'अस्वल दिसलं तर'. नातवाकडून आणलेलं ज्ञान वाटायचा माझा बेत होता. पण आधी मुलांनाच विचारलं. शहरातून बदलून आलेल्या बाईंच्या मुलानं पोलिसांना फोन करू म्हणून सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सहा किलोमीटरांवरून येते, पावसाळ्यात ओढा चढला की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून हजेरी कमी.

"सर, दिसल्यावर काय करायचं? दिसायच्या आधी त्याला कळवायचं की, आम्ही येतोय म्हणून. आम्ही मोठ्यानं बोलत येतो. सकाळी पाढे म्हणतो. संध्याकाळी काळोखात तोंडानं बोलवत नाही, मग डबा वाजवतो."

मी विचारलं, "संध्याकाळी काळोख कसा होतो? शाळा साडेचारला सुटते."

"जादा तास असतोय की, सर. सहापर्यंत. पावसाळ्यात रानात सहालाच दिसत नाही."

फळ्यावर त्याच्यापुढे मी काही लिहिलं नाही. दहावीचे जादा तास त्या आठवड्यापासून सकाळी साडेआठला ठेवले आणि संध्याकाळचे बंद केले. बसची वेळ तासभर अलीकडे करून मागितली आहे, तिचं उत्तर अजून यायचं आहे. गणिताच्या सरांची तक्रार आहे की सकाळी मुलं पेंगतात.